स्ट्रॉबेरीची तीन पद्धतीची शेतं एकाच फेरीत बघितली, त्याबद्दल

स्ट्रॉबेरीच्या लागवडीच्या वेगवेगळ्या पद्धती एका फेरीत बघून आलो. कोणाला शेतं बघायला जायचं असेल किंवा स्वतः लावायची असेल तर उपयोग होईल म्हणून लिहितोय. सकाळी लवकर पोचा, तोडणी थंड वेळेतच होते, ऊन चढलं की फळ मऊ पडतं.

पहिलं शेत सपाट वाफ्याचं, रनर (झाडापासून जमिनीवर पसरणारे वेलीसारखे फुटवे, ज्यांना नवी रोपं फुटतात) मोकळे सोडलेले. बघायला एकदम भरगच्च, पण पानं बाजूला करून बघा, आत हवाच खेळत नाही, दव तसंच राहतं आणि मातीला टेकलेल्या फळांवर करडी बुरशी. रनर वाढवण्यात झाडाची ताकद जाते आणि फळं कमी लागतात. खर्च कमी आणि रोपं घरचीच तयार होतात, तो फायदा आहेच.

दुसरीकडे गादीवाफे म्हणजे उंच केलेले वाफे, त्यावर माती झाकणारा काळा प्लास्टिकचा मल्चिंग पेपर आणि खाली ठिबक. मी इथेच जास्त रमलो. स्ट्रॉबेरीची मुळं उथळ, बहुतेक वरच्या १५ ते ३० सेंमीत, त्यामुळे पाणी साचलं की गुदमरतात आणि थोडा ताण पडला तरी फळ बारीक राहतं, गादीमुळे निचरा होतो, ठिबकमुळे पाणी मुळाशी जातं आणि पानं कोरडी राहतात. तण कमी, फळ स्वच्छ. कडक उन्हात मात्र काळा पेपर तापतो, तिथे चंदेरी घ्या. इथे खाली बसून क्राऊन नक्की बघा, म्हणजे जिथून पानं फुटतात तो जाड भाग. तो बरोबर मातीच्या पातळीला हवा, खोल गाडला तर कुजतो, वर राहिला तर मुळं सुकतात. उत्पन्नाचा निम्मा खेळ लावतानाच ठरतो असं माझं ठाम मत झालंय.

तिसरं पॉलिहाऊस, कंबरेच्या उंचीवर गटर म्हणजे लांब पन्हाळी, त्यात मातीऐवजी कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा. वाकायला नको, पावसाची भीती नाही. पण माती सांभाळून घेते तसं कोकोपीट घेत नाही, खताचं पाणी जरा तीव्र झालं की पानांच्या कडा करपतात, कारण हे पीक क्षाराला फार नाजूक. आणि मधमाश्या नसतील तर फळ वेडंवाकडं होतं. फळावरची प्रत्येक बी फलित झाली तरच तिच्याभोवतीचा गर फुगतो, म्हणून पेट्या ठेवल्यात का ते विचारा. आत भुरी, म्हणजे पानांवरची पांढरी बुरशीही जास्त येते, पानं उलटून बघा.

चव घ्यायची तर देठापर्यंत लाल झालेलं फळच घ्या, तोडल्यावर रंग थोडा चढतो पण गोडी वाढत नाही. नत्र जास्त दिलेल्या शेतात पानं हिरवीगार असतात पण फळ मऊ, टिकत नाही.

शेतकऱ्याला आधीचं पीक कोणतं होतं तेही विचारा, टोमॅटो, बटाटा, वांगी असेल तर झाड सुकवून मारणारा मर रोग मातीत बसलेला असू शकतो. आणि एका शेतातून दुसऱ्यात जाण्याआधी बुटांची माती धुऊन टाका, असे रोग पायांनीच पसरतात.