आमची वाटचाल: सोनं मोडून आणलेले साचे आणि आप्पांचं अंगण

२०११ साली आम्ही जळगावात स्टॅम्प काँक्रीट सुरू केलं तेव्हा बंगल्याभोवती एकतर शहाबादी नाहीतर कोटा, आणि हात जरा मोकळा असला तर पेव्हर ब्लॉक, एवढंच चालायचं. ओल्या काँक्रीटवर रंग टाकून दगडाचा, विटेचा, लाकडी फळीचा ठसा उठवतात म्हटलं की लोक हसायचे, म्हणायचे एवढा खटाटोप करण्यापेक्षा दगडच बसवा ना. अमेरिकेत हे १९५० च्या दशकापासून चालू आहे, कॅलिफोर्नियात ब्रॅड बोमन नावाच्या माणसानं रुळवलं, पण आपल्याकडे सगळ्यांना वाटायचं हे खूळ मीच कुठूनतरी काढलंय.

पहिला मॅटचा, म्हणजे ठसा उठवायच्या साच्यांचा, सेट घेतला तो बायकोचे दागिने मोडून. जळगावात राहून सोनं मोडून रबर आणलं, हे आईनं कितीतरी वर्षं ऐकवलं. रबर नाही ते, पॉलियुरेथेन आहे, पण आईला कोण सांगणार. त्या मॅट आजही आमच्याकडे आहेत. प्रत्येकीच्या पाठीवर खूण आहे, कोणती कोणाला जोडायची त्याची, आणि भिंतीच्या कडेला, खांबाच्या बुडाशी दाबायला एक लवचिक मॅट वेगळी. काम झालं की त्याच संध्याकाळी धुवायच्या, सावलीत आडव्या ठेवायच्या. उभी ठेवली की मे महिन्यात वाकते आणि वाकलेली मॅट सांध्याला रेघ सोडते, मग दुसऱ्या दिवशी छिन्नी घेऊन बसा. हल्लीची पोरं मॅट पिकअपमध्ये फेकतात ते बघवत नाही.

आमचे बापू मिस्तरी मूळचे मोझॅकवाले. मोझॅकचं काम बंद पडलं तेव्हा घरी बसले होते, त्यांना मी आणलं. गुरमाळा त्यांच्या हातात बघण्यासारखा. बुल फ्लोट, म्हणजे लांब दांड्याचा सपाट करायचा फळा, फिरला, वरचं पाणी उडालं, रंगाच्या हार्डनरचे, म्हणजे वरचा थर कडक करणाऱ्या रंगीत पावडरचे, दोन हात मारून झाले, की बापू एका जागी बोट दाबून बघायचे. बोट पाव इंच गेलं पाहिजे पण बोटाला माल चिकटता कामा नये. मग नुसतं "हां" म्हणायचे, आणि लगेच पोरं रिलीज पावडर (मॅट मालाला चिकटू नये म्हणून) उडवून मॅट टाकायला लागायची, वरून धुम्मस. जळगावच्या मेमध्ये त्या "हां" नंतर अर्धा तासही हातात नसतो, कडक झालं की ठसाच उठत नाही. म्हणून उन्हाळ्यात आमचा माल पहाटे चारला पडतो, हॅलोजन लावून, वाऱ्याच्या बाजूला शेडनेट बांधून. ऊन आणि कोरडा वारा एकदम आला की वरचं पाणी झपकन उडतं आणि कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक चिरा पडतात. त्या काही नंतर बुजत नाहीत.

२०१३ पासून चारेक वर्षं कामं येत गेली. भुसावळ, चोपडा, अमळनेर, धुळ्यातही. पैसे मिळाले, पिकअप घेतली, नवीन पॅटर्न आणले. त्याचं काय लिहायचं.

आता मुख्य गोष्ट. आमच्याच हाताखाली दोन सीझन काम केलेला एक जण, नाव घेत नाही, जळगावातल्या बऱ्याच जणांना माहितीच आहे, त्यानं स्वतःचा सेट आणला. आणला तर आणला, धंदा कुणाच्या बापाचा नाही. पण रेट काढला आमच्यापेक्षा फुटामागं चाळीस रुपयांनी कमी. मला कळेना हा हे करतो कसं, कारण रंग तोच, वरून मारायचा सीलर, म्हणजे संरक्षक लेप, तोच. मग एका साइटवर रस्त्यावरूनच बघितलं आणि कळलं. माती काढलेलीच नाही! काळ्या जमिनीवर मुरमाचा हात फिरवलेला, लोखंडी जाळी नाही, आणि वर जेमतेम दोन इंच माल. ठसा मात्र झकास, कारण तो तर आमच्याकडेच शिकलेला.

खानदेशातली काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात इतकी आकसते की भेगेत हात जातो. तिच्यावर दोन इंचाचा पापड टाकला तर काय होणार? पहिल्या पावसाळ्यात कडा उचलल्या, पुढच्या उन्हाळ्यात आडवे-उभे तडे. आणि लोक त्याला काही बोलले नाहीत, लोक म्हणाले "स्टॅम्प आपल्याकडे टिकत नाही." एका आर्किटेक्टनं, ज्यांच्याकडे आमची पाच-सहा कामं उभी होती, त्यांनी ड्रॉइंगमधून स्टॅम्पच काढून टाकलं आणि पेव्हर ब्लॉक लिहिलं. मी त्यांना म्हटलं साहेब, आमचं एक अंगण तडकलेलं दाखवा. ते म्हणाले, तुमचं चांगलंय हो, पण क्लायंट ऐकत नाही. हे वाक्य मी आजही विसरलो नाही. चांगलंय तर क्लायंटला सांगा ना!

२०१८ चा पूर्ण उन्हाळा रिकामा गेला. मिक्सर विकला, पिकअप विकली, बापूंचा पगार थकला, ते काही बोलले नाहीत ते आणखी वाईट. मॅटला सुद्धा नाशिकचं एक गिऱ्हाईक आलं होतं, भाव ठरला होता.

त्यात पारोळ्याकडच्या आप्पांचा फोन. कपाशीवाले शेतकरी, आधी त्यांच्या जावयाचं काम केलं होतं. घराभोवतीचं पूर्ण अंगण करायचं म्हणाले. मी म्हटलं आप्पा, लोक काय म्हणताहेत ऐकलं ना? तर म्हणे, "भाऊ, जी जमीन कपाशीले मानवस ती घरले नडस, हाई माले तू सांगू नको. पयले खंदी काढ." आणि आम्ही पोचायच्या आत स्वतः जेसीबी लावून अडीच फूट माती काढून शेतात नेऊन टाकली होती! मग मुरूम सहा-सहा इंचाच्या थरात, प्रत्येक थराला पाणी आणि कॉम्पॅक्टर, वर सोलिंग म्हणजे दगडांचा थर, जाळी, चार इंच एम-२५ ग्रेडचं काँक्रीट. अर्धे पैसे आधीच दिले, त्यातून बापूंचा पगार केला आणि नाशिकवाल्याला नाही म्हणून कळवलं. मिक्सर भाड्यानं आणला. जेवायला रोज कळण्याची भाकरी आणि ठेचा, आणि आप्पा स्वतः खुर्ची टाकून बसायचे, मुरमाला पाणी कमी पडलं की ओरडायचे.

त्या अंगणावर आता कपाशीचा ट्रॅक्टर उभा राहतो. येणाऱ्या-जाणाऱ्याला आप्पा हाताला धरून दाखवतात. पारोळा, एरंडोल, धरणगाव या पट्ट्यातली आमची निम्मी कामं त्यांच्यामुळे आली, आणि कमिशन विचारलं तर शिव्या देतात.

आता कुणी विचारलं नाही तरी सांगतो. फुटाचा रेट विचारायच्या आधी खाली किती खोदणार ते विचारा. दर आठ-दहा फुटांवर कटरनं जॉइंट मारून घ्या, दुसऱ्या दिवशीच, जाडीच्या चौथ्या हिश्श्याइतका खोल. काँक्रीटला कुठेतरी तडकायचंच असतं, ते त्या रेघेत तडकू द्या. ठसा छान उठावा म्हणून मिस्तरी मालात जास्त पाणी घालत असेल तर त्याला थांबवा. उतार फुटाला पाव इंच, घराच्या उलट्या दिशेला. सीलरची घाई नको, ओल असताना मारला तर पांढरट पडतो, आणि पार्किंगला, नळाजवळ सीलरमध्ये अँटिस्किड पावडर टाकायलाच सांगा, नाहीतर पहिल्या पावसात घरातलं म्हातारं माणूस घसरेल. दोन-तीन वर्षांनी परत सीलर मारावा लागतो, हे आम्ही कोटेशनवरच लिहितो. त्यामुळे काही गिऱ्हाईकं जातात. जाऊ द्या.

आमच्याकडून शिकून गेलेल्या त्या माणसाची तडकलेली अंगणं दुरुस्त करायला आता आम्हालाच बोलावतात. वरून पॅच मारून द्या म्हणतात. पॅच आम्ही मारत नाही, पूर्ण काढून खालून करतो, आणि तोडायचे, मलबा उचलायचे पैसे वेगळे. त्यावर लोक म्हणतात, पण त्यानं तर एवढ्यात केलं होतं. मागच्या महिन्यात त्याच्या पोराचा फोन आला, काका, तुम्ही हार्डनर कुठून मागवता म्हणून विचारत होता. नाही सांगितलं.