पावलो

भाचा लिस्बनला निघाला तो पहाटे ३ वाजता. गोव्यात आता सामानाच्या आधी विमानतळ ठरवावा लागतो, दाबोळी की मोपा. २०२३च्या जानेवारीत मोपा सुरू झाला आणि आम्हा डिचोलीकरांची वास्कोपर्यंतची फरफट वाचली. गाडी वळणाआड गेली तशी सोप्यावर बसलेल्या आईने विचारलं, "किती लांब गं ते?"

फोनवर बघितलं. सरळ हवाई अंतर साधारण ८,३०० किलोमीटर. विमान ताशी साडेआठशेच्या वेगाने गेलं तर दहाएक तास.

"असं नको. म्हापशाच्या हिशेबात सांग."

आमच्या दारातून म्हापसा १७ किलोमीटर, जाऊन-येऊन ३४. म्हणजे शुक्रवारच्या बाजाराच्या २४४ खेपा. आईने मनात वर्षं मोजली. "जवळजवळ पाच वर्षांचे बाजार! मग लांबच."

त्या दहा तासांना तसा काही अर्थ नाही. गोव्याहून लिस्बनला थेट विमानच नाही. आखातात उतरायचं, गार हॉलमधल्या खुर्चीत बॅग उशाला घेऊन पेंगायचं, मग पुढचं विमान. त्यात पश्चिमेकडे जाताना वरचे वारे बहुधा समोरून येतात, म्हणून येताना लागतो त्यापेक्षा जाताना वेळ जास्त. भाच्याच्या शाळेतला पृथ्वीगोल माळ्यावर होता. त्यावर दोरा ताणून पाहिला, तर वाट इराण, इराकवरून उत्तरेकडे वाकली. भिंतीवरच्या नकाशात मी सरळ रेघ मारली असती ती वेगळीच.

आणि ज्यांनी हे अंतर खरोखर भोगलं, त्यांना हा दोरा उपलब्धच नव्हता. वास्को द गामा जुलै १४९७ मध्ये लिस्बनहून निघाला आणि आफ्रिकेला वळसा घालून मे १४९८ मध्ये कालिकतला पोचला. पुढे पोर्तुगिजांना मोसमी वारे उमजले. मार्च-एप्रिलात लिस्बनहून सुटलेलं जहाज सगळं नीट जमलं तर सप्टेंबरच्या सुमारास गोव्याला लागे. पत्र पाठवून उत्तराची वाट बघणाऱ्याचं वर्ष सहज उलटत असेल. आम्ही दोन निळ्या टिका उमटल्या नाहीत तर दहा मिनिटांत कासावीस.

दुसऱ्या रात्री १ वाजता फोन वाजला. घर सोडून बावीस तास झाले होते. मेसेज एकाच शब्दाचा: "पावलो."

कोकणीत माणूस पावतो म्हणजे पोचतो, मराठीत पावतो तो देव. आई अजून जागीच होती. तिने कोणता अर्थ घेतला कोण जाणे, देवघराकडे बघून हात मात्र जोडले.

"तिथं किती वाजले?"

"डिसेंबर आहे, म्हणजे आपल्या साडेपाच तास मागे. साडेसात."

"म्हणजे जेवायचा असेल अजून," ती म्हणाली. "विचार, भात मिळतो का तिथं."