दुसऱ्या विमानातला मुलगा

लंडन, एडिंबरा, लेक डिस्ट्रिक्ट हे सगळं यथासांग पार पडलं, गर्दीत धक्के खाऊन फोटोही काढून झाले. लिहावंसं वाटतंय ते मात्र स्कॉपविकबद्दल. लिंकनशरमधलं हे एवढंसं गाव. मुख्य रस्त्याच्या कडेनं ओढा वाहतो आणि भर दुपारी रस्त्यावर चिटपाखरू नसतं.

मी तिथे गेले जिओकॅशसाठी. कुणीतरी लपवून ठेवलेली डबी जीपीएसवरून शोधायची, आतल्या कागदावर नाव-तारीख लिहायची आणि डबी जिथे होती तिथेच ठेवायची, असा हा छंद. मे २००० मध्ये अमेरिकेनं नागरी जीपीएसमध्ये मुद्दाम ठेवलेली चूक काढून टाकली आणि लगोलग ऑरेगनमध्ये पहिली डबी लपवली गेली. या वेळी बाबाही सोबत होते. ओझरच्या एचएएल विमान कारखान्यात त्यांचा सगळा जन्म मिग या लढाऊ विमानांच्या सांगाड्यांशी झटापट करण्यात गेला, त्यामुळे ही डबी एका ‘वैमानिकाच्या स्मरणार्थ’ ठेवलीय म्हटल्यावर ते लगेच तयार झाले.

तो वैमानिक म्हणजे जॉन गिलेस्पी मॅगी. जन्म शांघायचा, वडील अमेरिकन मिशनरी, आई इंग्लिश. अमेरिका अजून युद्धात उतरली नव्हती, म्हणून हा कॅनडाच्या हवाई दलात भरती झाला. १९४१ मध्ये त्यानं ‘हाय फ्लाइट’ हे सुनीत लिहिलं आणि पत्रातून आईवडिलांना पाठवलं. १९८६ मध्ये चॅलेंजर अंतराळयान कोसळलं त्या संध्याकाळी अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी भाषणाचा शेवट त्यातल्याच शब्दांनी केला होता.

दफनभूमी चर्चला लागून नाही, जरा बाजूला आहे. पांढऱ्या दगडांच्या रांगा, कापलेलं गवत, मॅगीच्या दगडावर मेपलचं पान आणि त्याच्याच कवितेची पहिली आणि शेवटची ओळ. वय १९. डबी दफनभूमीत नव्हती. दगडावरच्या तारखेचे आकडे घेऊन बेरीज-वजाबाकी केली की बाहेरचा पत्ता मिळणार होता. मी वहीत ११ डिसेंबर १९४१ लिहिलं आणि आकडेमोडीला लागले. हिटलरनं अमेरिकेविरुद्ध युद्ध पुकारलं तो हाच दिवस.

बाबा मोबाइलवर अपघाताची माहिती वाचत होते. सरावाचं उड्डाण आटोपून मॅगीचं लढाऊ विमान, स्पिटफायर, ढगातल्या फटीतून खाली उतरत होतं. ढगाखाली क्रॅनवेलच्या प्रशिक्षण केंद्राचं ऑक्सफर्ड विमान होतं. दोघांची टक्कर झाली, जमिनीपासून जेमतेम चौदाशे फुटांवर. मॅगीनं कॉकपिटचं झाकण सरकवून उडी मारली, पण पॅराशूट उघडायला उंचीच उरली नव्हती.

“आणि ऑक्सफर्डमध्ये कोण होतं गं?” बाबांनी विचारलं.

मी त्या डबीची, म्हणजे जिओकॅशची, माहिती वरपासून खालपर्यंत पुन्हा वाचली. कविता होती, रेगन होते, शांघाय होतं. ऑक्सफर्डचा उल्लेख ‘दुसरे विमान’ एवढाच. शेवटी दुसरीकडे शोधल्यावर नाव मिळालं. अर्नेस्ट ऑब्री ग्रिफिन, लीडिंग एअरक्राफ्टमन, म्हणजे हवाई दलातला एक खालचा हुद्दा. तोही एकोणीस वर्षांचा, आणि तोही गेला.

बाबा चिडले. क्वचितच चिडतात ते. “अगं, हा तर शिकाऊ पोरगा! ऑक्सफर्ड म्हणजे लाकडी विमान, दोन इंजिनांचं. हा खाली आपला धडा गिरवतोय आणि वरून ढगातून स्पिटफायर येतेय. त्यानं काय करायचं? नाव तरी लिहा की त्याचं.”

मला ते शंभर टक्के पटलं, अजूनही पटतं. कविता सुंदर आहे आणि मॅगीवर लोकांनी जीव लावावा हे योग्यच आहे. पण एकाच टकरीत, एकाच वयाचे दोघं गेले आणि एकाच्याच स्मरणार्थ डबी ठेवायची, याचा मला मनापासून राग आला. ग्रिफिननं कविता लिहिली नव्हती, एवढाच काय तो फरक.

डबी कुंपणाच्या खांबामागे मिळाली. फिल्मच्या रोलची जुनी काळी डबी, आत सुरळी केलेली दमट पट्टी. पट्टीवर माणशी एक ओळ मावते. मी माझं नाव न लिहिता त्या ओळीत ‘अ. ऑ. ग्रिफिन, वय १९’ लिहिलं, आणि खालच्या ओळीत बाबांनी मोडी वळणाची सही ठोकली.

त्याच रात्री डबी लपवणाऱ्याला निरोप पाठवला की माहितीत ग्रिफिनचं नाव घाला, हवा असेल तर मजकूर मी लिहून देते. अजून उत्तर नाही. पुढच्या आठवड्यात पुन्हा विचारणार आहे.