पारडगाव तलाव आणि पलीकडचा माळ : जानेवारीतला एक दिवस

पट्टकादंब (बार-हेडेड गूज, डोक्यावर काळे पट्टे असलेले हंस) रात्री आसपासच्या हरभऱ्या-गव्हात चरतात आणि उजाडताना पाण्यावर परततात. त्यामुळे नागपूरहून उमरेड रस्त्याला पहाटे पाचलाच लागायला हवं. थवे उतरले ते सूर्य वर यायच्या जरासे आधी. आधी आकाशातून घोगरा, नाकातला आवाज, मग रांग. पूर्वेचा काठ धरलेला असल्याने ऊन पाठीशी होतं आणि डोक्यामागचे दोन्ही काळे पट्टे स्वच्छ दिसले. समोरून ऊन आलं की हंस काय, चक्रवाक काय, सगळ्या नुसत्या सावल्या.

हंसांसाठी ८×४२ दुर्बीण पुरते. तलवार बदकांच्या घोळक्यातून बाकीची बदकं वेगळी काढायला मात्र स्कोप (तिवईवरची जास्त ताकदीची दुर्बीण) लागतो, तोही दहाच्या आत. नंतर पाण्यावर हवा थरथरते. मासेमारीचे डोंगे पाण्यात उतरले की बदकं पलीकडे सरकतात, तेव्हा मोजणी आधीच उरकलेली बरी. हंसांच्या माना एकदम ताठ झाल्या तर जागीच थांबा. आणखी दहा पावलं टाकलीत तर थवा उडालाच म्हणून समजा. परतीचा पाऊस लांबलेल्या वर्षी तलाव तुडुंब असतो, चिखल उघडा पडत नाही आणि तुतारी (चिखलात चरणारे छोटे पक्षी) कमी दिसतात. अशा वेळी जवळपासच्या बोड्याही (छोटी तळी) पाहाव्यात.

वारकरी (पाण्यावरचे काळे पक्षी, कूट) एकाएकी दाटीवाटीने गोळा झाले तर वर बघा. बहुतेक वेळा दलदली भोवत्या (मार्श हॅरियर हा शिकारी पक्षी) गवतावरून येत असतो.

शिकारी पक्ष्यांसाठी मात्र तलाव सोडून पांदणीने शेतांकडे वळा. इथे नवखा फसतो तो हवेत एका जागी फडफडणाऱ्या पक्ष्यावर. राखी-पांढरा, काळ्या खांद्यांचा, आखूड शेपटीचा असेल तर ती बारमाही कापशी (छोटी घार). पाठ विटकरी आणि पसरलेल्या लांब शेपटीच्या टोकाशी काळी पट्टी असेल तर खरूची (केस्ट्रेल, छोटा ससाणा), म्हणजे हिवाळी पाहुणी. भोवत्यांच्या (हॅरियर) माँटेग्यू आणि पॅलिड या दोन जातींचे नर सोपे. माँटेग्यूच्या पंखावर वरून काळी रेघ असते. पॅलिडला ती नसते, फक्त पंखाच्या टोकाला काळी पाचर. माद्यांच्या कंबरेवर पांढरा पट्टा दोन्ही जातींत असतो. पॅलिडच्या मादीला मानेभोवती फिकट कॉलर आणि त्यामागे गडद पट्टी असते. तेवढं फोटोत दिसलं नाही, तर नोंदीत दोन्ही नावं लिहून मोकळं व्हावं. अंदाजाने जात ठोकून देण्यात काय अर्थ?

अवकाळी पाऊस झाला असेल तर गाडी डांबरीवरच ठेवा. काळी माती चाकात भरली की ट्रॅक्टरशिवाय सुटका नाही. पायात गुडघ्यापर्यंत गेटर (पोटरीवर चढवायचं जाड आवरण) असू द्या, कुसळं मोज्यांतून आरपार जातात.

सूर्यास्ताच्या अर्धा तास आधी भोवत्ये माळावर जमू लागतात आणि गवतात जमिनीवरच झोपतात. गाडीतूनच पाहा, गवतात शिरू नका, आणि ती जागा फोटोबरोबर टाकू नका.