घसरणारा पाय

शनिवार, रात्रीचे साडेअकरा

आज शेवटचा खोका उघडला. शहर बदलून चार वर्षं झाली तरी हा एक टेप लावलेला तसाच पडून होता, कारण आत काय आहे ते पक्कं माहीत होतं. आमच्या बंद पडलेल्या अ‍ॅनिमेशन स्टुडिओची हार्ड डिस्क, दोन स्केचबुक आणि कंपनीच्या नावाचा रबर स्टॅम्प.

डिस्क चक्क चालू झाली. पहिलीच फाईल उघडली ती कुत्र्याचा वॉक सायकल, म्हणजे जागच्या जागी चालण्याची, पुन्हा पुन्हा फिरवायची चित्रं. बारा चित्रं, प्रत्येक चित्र दोन फ्रेम, सेकंदाला चोवीस फ्रेम, म्हणजे झाला एक सेकंद. आणि मागचा पाय घसरतोय! जमिनीवर टेकलेला पाय दर चित्रात सारख्याच अंतराने मागे जायला हवा, माझा कधी जास्त जातो कधी कमी, त्यामुळे कुत्रा चालत नाही, तेल सांडलेल्या फरशीवरून जातो असं वाटतं. हे आम्ही क्लायंटला दाखवलं होतं आणि वर ते का आवडलं नाही म्हणून रुसलोही होतो. शेवटचं पेमेंट आलं नाही ते आलंच नाही, त्यावर बरीच वर्षं खापर फोडून झालं, पण आज बघताना वाटलं पेमेंट आलं असतं तरी स्टुडिओ फार तर सहा महिने जास्त टिकला असता.

मी शहर सोडलं ते काही मोठी स्वप्नं घेऊन वगैरे नाही. लोक विचारायचे ना, "काय मग, स्टुडिओ कसा चाललाय?", त्याला कंटाळून सोडलं. नव्या जागी कुणी विचारत नाही हे पहिले दोन महिने इतकं भारी वाटलं, आणि मग लक्षात आलं की कुणी विचारत नाही म्हणजे कुणी ओळखतही नाही, मग काम कोण देणार. आठ महिने नुसते मेल पाठवले.

त्या दिवसांत दादासाहेब फाळक्यांबद्दल बरंच वाचलं. शाळेत आपल्याला एका ओळीत शिकवतात, भारतीय चित्रपटाचे जनक, संपलं. पण आधीची यादी बघा. गोध्र्यात फोटोग्राफी केली, तिथे प्लेगमधे बायको आणि मूल गेलं. बडोद्यात परत फोटोग्राफी, तर कॅमेरा अंगातली शक्ती ओढून घेतो अशी लोकांची समजूत, धंदा बसला. मग नाटकांचे पडदे रंगवले, जादूचे प्रयोग शिकले, 1903 मधे पुरातत्त्व खात्यात ड्राफ्ट्समन, ती नोकरी सोडून छापखाना काढला, 1909 मधे त्यासाठी जर्मनीला जाऊन आले आणि पुढे भागीदारांशी बिनसलं म्हणून तोही सोडला. चाळिशीचा माणूस, हातात काही नाही. त्यांच्या ओळखीतल्या कुणी "याचं काही खरं नाही" म्हटलं असेल तर मला नवल नाही वाटणार.

आणि सिनेमा करायला काय लागतं? फोटोग्राफी, रंगवलेले पडदे, केमिकलमधे हात घालायची सवय, जादूगाराची हातचलाखी. म्हणजे जिथे जिथे जमलं नाही तिथून हा माणूस एकेक काम शिकून उठला होता, फक्त ते सगळं एकत्र लागेल असा धंदाच तोवर इथे नव्हता.

पण मला सगळ्यात आवडतो तो वाटाणा. 1912 मधे लंडनला जाऊन कॅमेरा आणला, पैसे लावायला कोण तयार होणार, म्हणून त्यांनी कुंडीत वाटाणे पेरले, समोर कॅमेरा लावला आणि महिनाभर रोज थोड्या थोड्या फ्रेम घेतल्या. पडद्यावर मिनिटभरात कोंब फुटून वेल वर चढतो. राजे नाहीत, देव नाहीत, एक कुंडी. ते बघून पैसे मिळाले आणि 1913 च्या 3 मे ला त्यांचा 'राजा हरिश्चंद्र' हा मूकपट लोकांसमोर आला, तेव्हा त्यांचं वय 43.

वॉल्ट डिस्नेचंही तसंच काहीसं. कॅन्सस सिटीतला स्टुडिओ 1923 मधे बुडाला, हा 21 वर्षांचा, लॉस एंजेलिसला गेला, तिथे दिग्दर्शनाचं काम शोधलं, मिळालं नाही. उपयोगी पडली ती बुडालेल्या स्टुडिओत केलेली एक रीळ, तीच दाखवून त्याला पुढच्या मालिकेचं कंत्राट मिळालं.

अर्थात असे किस्से जिंकलेल्यांचेच उरतात हेही आहे. गाव सोडून गेले आणि काहीच झालं नाही अशांची रीळ कोण जपून ठेवणार. त्यामुळे "फेल व्हा, शहर बदला" असं कुणी छातीठोकपणे सांगायला लागलं की मला चीड येते. भाडं काय त्यांचे पूज्य पिताश्री भरणारेत?

माझा वाटाणा म्हणजे पाऊस. याच डिस्कवर आहे तो, कुत्र्याच्या मागे काचेवरून ओघळणारे थेंब, डेडलाईन उलटून गेल्यावर रात्री टाईमपास म्हणून काढलेले. पोर्टफोलिओत तेवढंच आठ सेकंदांचं टाकलं होतं, कुत्रा कापून. इथलं पहिलं काम त्यावर मिळालं, आणि जुन्या शहरात मी तो पाऊस कुणाला दाखवलाच नसता, कारण तिथे मी "कॅरेक्टर अ‍ॅनिमेशन करणारी" होते आणि ते नाव टिकवायचं होतं.

आता एक वाजलाय. कुत्र्याची फाईल बंद करायला गेले आणि केली नाही. सातव्या चित्रात पंजा जरासा पुढे सरकवला, आता घसरण आठव्यात गेलीये. आठवं उद्या बघते.