पांढऱ्या खांबांचं घर

लेकीकडे इंडियानात येऊन दीड महिना झाला होता. सकाळच्या फेरीत एक घर लागायचं. दोन मजली, पुढे पांढरे खांब, कापून तुळतुळीत केलेलं गवत, व्हरांड्यात झुलत्या खुर्च्या. एकदा मालक दारात उभा दिसला. सकाळी साडेआठला सूट-टाय! गुडमॉर्निंग झालं, त्याने हवापाणी विचारलं. घरी येऊन म्हटलं, माणूस फार अदबशीर आहे, एकदा चहाला बोलवू या. लेक हसत सुटली. "बाबा, ते फ्युनरल होम आहे!"

म्हणजे मयताची तयारी करून देणाऱ्यांचं घर. आता आपल्याकडे या कामाला घर कशाला लागतं? आमच्या गल्लीत तिरडी बांधण्यात तरबेज असे एक काका होते. कुणी गेलं की पहिली हाक त्यांना, मग नातेवाइकांना तारा. कळक बुरुडाकडून, मडकं कुंभाराकडून, आणि दुपारच्या आत मंडळी नदीवरून परत. त्यामुळे 'होम' या शब्दाने मला चांगलंच धरून ठेवलं. वेळ भरपूर होता आणि गावची लायब्ररी फुकट होती.

मुळात इथेही हे सगळं घरातच व्हायचं. एकोणिसाव्या शतकात शेजारच्या बायका येऊन देहाला आंघोळ घालत, बैठकीच्या खोलीत ठेवत. बाहेरून यायची ती फक्त पेटी, आणि ती करायचा गावचा सुतार. हळूहळू त्याच्या दुकानावर 'फर्निचर आणि अंडरटेकिंग', म्हणजे अंत्यविधीची व्यवस्था, अशी पाटी लागली. पाळणा, खाट, जेवायचं टेबल आणि शेवटची पेटी, सगळं एकाच दुकानात. असं धरून ठेवलेलं गिऱ्हाईक मी दुसऱ्या कुठल्या धंद्यात पाहिलेलं नाही.

मग १८६१ ते १८६५ चं यादवी युद्ध आलं. दूर दक्षिणेत पडलेल्या मुलांना आईबापांनी शेवटचं पाहायचं कसं? थॉमस होम्ससारखे लोक देहात रसायनं भरून तो टिकवू लागले. लोकांना हे जरा अघोरीच वाटे. पण १८६५ मध्ये लिंकनचा देह वॉशिंग्टनहून स्प्रिंगफील्डपर्यंत आगगाडीने जवळजवळ दोन आठवडे गावोगाव थांबत नेला. इंडियानातून, थेट मिशिगन सिटीवरूनही ती गाडी गेली. लाखोंनी दर्शन घेतलं आणि लोकांची भीड चेपली. सुताराला आता सुईही चालवावी लागली. पुढे घरं लहान झाली, माणसं इस्पितळात जाऊ लागली, तेव्हा त्याने हमरस्त्यावरचा एखादा ऐसपैस बंगला घेतला. खाली पाहुणे, वर स्वतःचं बिऱ्हाड. म्हणून ते 'होम'.

गावात आडवं झोपवून नेता येईल अशी गाडीही बहुधा याच्याचकडे. त्यामुळे १९७० च्या आसपासपर्यंत कितीतरी गावांत अँब्युलन्सही हाच चालवायचा. गाडी तीच, कुठल्या दाराशी लावायची तेवढं बदलायचं. आत झोपलेल्या पेशंटला वर पाहून काय वाटत असेल, देव जाणे.

हे सगळं वाचता वाचता एक नाव आलं आणि मी चश्मा पुसून पुन्हा पाहिलं. आल्मन स्ट्रोजर, अंडरटेकर, कॅन्सस सिटी.

मी टेलिफोन खात्यात उभी हयात काढली, त्यातली निम्मी स्ट्रोजर एक्स्चेंजमध्ये, म्हणजे ऑपरेटरशिवाय आपोआप फोन जोडणाऱ्या यंत्रांच्या हॉलमध्ये. बंगळुरूच्या आयटीआयमध्ये, म्हणजे इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीजच्या कारखान्यात, बनलेले ते रॅक, आणि दिवसभर खट्-खट् चालणारे सिलेक्टर. शेवटच्या सिलेक्टरला आकडा ७४ मिळाला, तर तो सात पावलं वर चढायचा, चार पावलं आडवा फिरायचा आणि नेमक्या माणसाच्या दाराशी थांबायचा. स्ट्रोजर हे कंपनीचं नाव, असं मी धरून चाललो होतो. हा तर तिरडी बांधणाऱ्या काकांचा भाऊबंद निघाला!

गोष्ट अशी सांगतात की गावातल्या दुसऱ्या अंडरटेकरची बायको टेलिफोन ऑपरेटर होती. कुणी गेलं आणि 'अंडरटेकर द्या' म्हणून फोन आला, की ती नवऱ्याला जोडून द्यायची. स्ट्रोजर चिडला आणि बाईच मधून काढून टाकणारं यंत्र त्याने बनवलं. खरंखोटं असो. १८९१ चं पेटंट मात्र पक्कं, आणि पहिलं एक्स्चेंज ३ नोव्हेंबर १८९२ ला सुरू झालं ते इंडियानातल्याच ला पोर्ट गावाला. लेकीच्या घरापासून तासाभराच्या वाटेवर.

रात्रपाळीत सगळा हॉल चिडीचूप असायचा. पहाटे चारला एकच सिलेक्टर खटखटला की आम्ही एकमेकांकडे बघायचो. जोडीदार म्हणायचा, "गेलं कुणीतरी." बहुतेक वेळा ते खरं ठरायचं.

दुसऱ्या दिवशी थांबून मोडक्या इंग्रजीत हे त्या अदबशीर गृहस्थाला सांगितलं. त्याला स्ट्रोजर ठाऊक होता. त्यांच्या धंद्यात ही गोष्ट सगळे सांगतात म्हणाला. बोलता बोलता आत गेला आणि नव्या वर्षाचं कॅलेंडर घेऊन आला. फळबागेचं सुंदर चित्र, खाली ठळक अक्षरात फ्युनरल होमचा फोन नंबर.

बायकोने ते स्वयंपाकघरात लावू दिलं नाही. गॅरेजात टांगलंय. चौकोन मोठे आहेत, मी त्यात एकादश्या लिहून घेतल्यात.