मेकाँगचा त्रिभुज प्रदेश एका दिवसात उरकू नका

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. व्हिएतनामला निघालेली जोडपी हमखास विचारतात, ‘हो ची मिन्ह शहरात तीन दिवस आहोत, त्यात मेकाँगची एक दिवसाची टूर घ्यावी का?’ एकच दिवस मोकळा असेल तर जरूर घ्या. दोन रात्री काढता येत असतील तर मात्र टूरच्या नादी न लागता थेट कान थो हे शहर गाठा.

एक दिवसाची टूर म्हणजे ‘मी थो’ आणि ‘बेन चे’ ही दोन ठिकाणं. हो ची मिन्हपासून ‘मी थो’ साधारण ७० किलोमीटर. मोटारबोटीनं नदीतल्या बेटावर नेतात, मधाचा चहा आणि फळांच्या फोडी देतात. मग ‘डन का ताय तू’ या दक्षिणेकडच्या पारंपरिक संगीतातली दोन-चार गाणी ऐकवतात (२०१३ साली युनेस्कोनं ही परंपरा मानवतेच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतली), आणि पाण्यात वाढणाऱ्या निपा ताडाच्या झावळ्यांमधल्या अरुंद पाणवाटेतून पंधरा-वीस मिनिटं वल्हवत फिरवतात. नारळाच्या गोळ्यांचा कारखाना चुकवू नका. नारळाचं दूध, साखर आणि माल्ट आटवून, लाटून तुकडे पाडतात. गोळीला चिकटलेला पातळ पापुद्रा प्लास्टिकचा वाटतो, पण तो तांदळाचा असतो, गोळीबरोबर खायचा. बहुतेक जण तो सोलत बसतात. हे सगळं छान असलं तरी पाहुण्यांसाठी मांडलेलं आहे. इथला खरा व्यवहार पहाटेचा, आणि टूरची बस पोहोचेपर्यंत तो आटोपलेला असतो.

कान थो हो ची मिन्हपासून सुमारे १७० किलोमीटरवर, हाऊ या मेकाँगच्या फाट्याकाठी. हो ची मिन्हमधल्या मियेन ताय बसस्थानकावरून दिवसभर स्लीपर बस सुटतात, भाडं दीड-दोन लाख डाँगच्या आसपास. आकडा ऐकून दचकू नका, लाख डाँग म्हणजे साधारण साडेतीनशे रुपये. बसमध्ये चढताना बूट काढून पिशवीत ठेवायचे असतात. २०२३च्या डिसेंबरात वाटेतला दुसरा ‘मी थुआन’ पूल आणि कान थोपर्यंतचा द्रुतगती मार्ग सुरू झाल्यापासून प्रवास सुटसुटीत झाला आहे. वेळ खातं ते हो ची मिन्हमधून बाहेर पडणं. कान थोत हॉटेल घ्याल ते निन्ह किउ या नदीघाटापासून चालत जाता येईल असंच घ्या. पहाटे पाचला टॅक्सी शोधत बसणं जिवावर येतं.

काय रांगचा तरंगता बाजार घाटापासून सहाएक किलोमीटरवर आहे, बोटीनं अर्धा-पाऊण तास. पाच, फार तर साडेपाचला निघा. हा घाऊक बाजार आहे. लांबून आलेल्या मोठ्या बोटी अननस, भोपळे, कोबी, कंद घेऊन उभ्या असतात आणि छोटे व्यापारी त्यांच्याकडून माल उचलतात. आठनंतर उरतात त्या कॉफी आणि नूडल्स विकणाऱ्या होड्या, आणि पर्यटक. प्रत्येक मोठ्या बोटीच्या नाळेवर बांबू उभा असतो. जो माल विकायचा तो त्याला टांगलेला, म्हणजे दुरूनच कळतं. याला अपवाद आहेत आणि तेच जास्त गमतीचे. कपडे टांगलेले असतात, पण ते विकायला नव्हे, वाळायला. कुटुंब बोटीवरच राहतं. खाण्यापिण्याच्या होड्या काहीच टांगत नाहीत. आणि बांबूला झावळी दिसली, तर ती बोटच विकायला काढलेली असते.

जुन्या फोटोंतली बोटींची दाटी मनात धरून जाऊ नका. पूल आणि रस्ते झाले, माल ट्रकनं जाऊ लागला, आणि बाजार वर्षागणिक विरळ होतो आहे. तरीही जावं असंच माझं मत.

बोट छोटीच ठरवा, दोघा-चौघांची. वीस-तीस माणसांची छपराची बोट स्वस्त पडते, पण ती विक्रेत्यांच्या मधून आणि लहान कालव्यांत शिरत नाही. भाव आदल्या संध्याकाळीच ठरवा: माणशी नव्हे, अख्ख्या बोटीचा, किती तास, आणि कालवा धरून की सोडून. नुसता बाजार पाहून यायला दोनेक तास पुरतात. हु तिउ, म्हणजे तांदळाच्या शेवयांचा कारखाना आणि कालवा धरला तर साडेतीन-चार. लाइफ जॅकेट मागून घ्या. दुसरी बोट शेजारी लागते तेव्हा हाताची बोटं काठाच्या आत ठेवा, चिरडतात.

वाटेत इंजिन बंद पडलं तर घाबरू नका. पंखा लांब दांड्याच्या टोकाला असतो आणि त्यात जलपर्णी अडकते (ती आपल्याकडच्या नद्यांतही आहेच). नावाडी दांडा उचलून पाण्याबाहेर काढतो, गुंता कापतो आणि पुन्हा निघतो. खरी अडचण ओहोटीची. समुद्र बराच लांब असला तरी भरती-ओहोटी इथवर पोहोचते, आणि ओहोटीला लहान कालव्यात होडी गाळात रुतते. म्हणून ‘उद्या सकाळी कालव्यात पाणी असेल का?’ हे नावाड्याला आधीच विचारा. उलट सप्टेंबर ते नोव्हेंबरात अमावस्या-पौर्णिमेच्या सुमाराला उधाणाचं पाणी निन्ह किउच्या रस्त्यांवरही येतं. कोकणातल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. तळमजल्याची खोली तेवढी टाळा.

कोरडा ऋतू डिसेंबर ते एप्रिल. पावसाळ्यात सर बहुधा दुपारनंतर येते, त्यामुळे सकाळची फेरी सहसा बुडत नाही. त्यांचं नववर्ष, तेत, जानेवारीच्या उत्तरार्धात किंवा फेब्रुवारीत येतं. त्याआधीचा आठवडा बाजाराचा सर्वांत भरगच्च. सणाच्या दिवसांत मात्र नदी ओस पडते.

शाकाहारी असाल तर ‘आन चाय’ हे दोन शब्द व्हिएतनामी लिपीत फोनवर ठेवा आणि दाखवा. नुसतं ‘मांस नको’ म्हणून भागत नाही. भाजीत माशाचं पाणी, म्हणजे ‘नुओक माम’, आणि सुपात हाडांचा रस असतोच. चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी तिथले पुष्कळ लोक शाकाहार करतात, त्या दिवशी सोय सहज होते. पैसे देताना २० हजार आणि ५ लाखांची नोट नीट पाहा. दोन्ही निळ्या, आणि पहाटेच्या उजेडात फसगत ठरलेली.

ई-व्हिसा एका प्रवेशाचा २५ डॉलर, अनेक प्रवेशांचा ५०. नाकारला तरी पैसे परत मिळत नाहीत. अर्ज सर्वांत जास्त अडतात ते नावापाशी. मधलं वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव पासपोर्टवर जसं आहे तसंच भरा, आणि लग्नानंतर नाव बदललं असेल तर तिकीटही पासपोर्टवरच्याच नावानं काढा.

तिसरी रात्र मिळाली तर चाऊ डॉकला जा, कान थोहून बसनं तीनेक तास. जवळच ट्रा सूचं पाण्यात उभं असलेलं जंगल आहे. सप्टेंबर ते नोव्हेंबरात पाण्यावर टिकल्यांएवढ्या हिरव्या पाणवनस्पतींचा थर इतका दाट असतो की होडी गवतावरून चालल्यासारखी वाटते. चाऊ डॉकहून स्पीडबोटीनं कंबोडियात नॉम पेन्हलाही जाता येतं. पण परत व्हिएतनाममध्येच यायचं असेल, तर ५० डॉलरचा व्हिसा आधीच काढलेला हवा.